आई नसलेली पुस्तकं

मुलुंड पूर्वेच्या शुभाताईंना एक खोड होती. त्यांच्या बालवाचनालयात कोणी येऊन "पाच वर्षांच्या मुलीसाठी काहीतरी छानसं द्या हो" म्हणालं की त्यांच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा. "छानसं म्हणजे काय? साडी घ्यायला आलात का?" असं तोंडावर विचारायच्या. मग समोरच्या माणसाला स्टुलावर बसवून तीन प्रश्न. मूल कशाला हसतं, कशाला घाबरतं आणि झोपताना काय मागतं? यांची नीट उत्तरं मिळाल्याशिवाय पुस्तक हातात पडत नसे. कितीतरी बाप दुसऱ्याच प्रश्नाला गार पडायचे आणि बायकोला फोन लावायचे. मग शुभाताई आणखी चिडायच्या.

पण एकदा उत्तरं मिळाली की बाई जागची उठायची, अकराशे पुस्तकांतून बरोब्बर तीन काढायची. एक हसायला, एक बघत बसायला, एक झोपायला. सोसायटीच्या तळमजल्यावर, जिथे पूर्वी टेबल टेनिसचं टेबल धूळ खात पडलेलं असायचं, त्या खोलीत हे सगळं दर शनिवारी चार ते साडेसहा चालायचं. शिवाय सकाळी व्हॉट्सॲपवर 'या शनिवारचं पुस्तक' असा त्यांचा निरोप निघायचा, तो ठाण्यापासून घाटकोपरपर्यंतच्या आयांमध्ये फिरायचा. आपण सुचवलेलं पुस्तक मुलाला आवडलं नाही असं बारा वर्षांत एकदाही झालं नाही, असं त्या सांगायच्या. गर्वच होता तो. त्यांचे यजमान विद्याधरराव कधीकधी म्हणायचे, "शुभा, तू पुस्तकं देतेस गं, औषधं नाही." त्यावर त्या ऐकू न आल्यासारखं करायच्या.

जूनमधल्या एका शनिवारी मालन आली. साठीची बाई, नाहूरला चाळ पाडून उभारलेल्या इमारतीत राहणारी, मूळची कोकणातली. नवरा गिरणीत होता, गिरणी गेली, पाठोपाठ नवराही गेला. तिने मुलुंडच्या एका कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावून मुलगा वाढवला. ती दारातच उभी राहिली. शुभाताईंनी स्टूल पुढे सरकवलं आणि तोंड उघडलं, तर मालनने हात वर केला.

"तुमचे प्रश्न मागसून, बाई. आधी माझां ऐका. पुस्तकात आवस नको."

"काय नको?"

"आवस. आई. आई नसलेली पुस्तकं होयी आमच्या चेडवाक, नातीक."

मग ते सगळं बाहेर आलं. मालनची सून जान्हवी होळीच्या आधी डेंगीने गेली. चार दिवसांचा खेळ. एकतीस वर्षांची बाई, सोमवारी डबे भरत होती आणि शुक्रवारी नव्हती. नात प्रांजल पाच वर्षांची. तिला त्या दिवसांत घाटकोपरला आत्याकडे नेऊन ठेवलं होतं. तेरावं झाल्यावर घरी आणली, तर तिने विचारलं, आई कुठाय? आणि मालनच्या तोंडून निघून गेलं, गावाक गेली. आजोबांची तब्येत बरी नाय, त्यांका बघूक गेली. गावात मालनचे थोरले दीर काशीराम एकटेच राहायचे, घर सांभाळायचे. पोरीचे आजोबा म्हणजे तेच.

कोकणातल्या माणसाला दुसरं काय सुचणार! आमच्याकडे माणूस दिसत नसलं की ते गावाला असतं. पोरीलाही पटलं. घरातलं कोणी ना कोणी गावाला गेलेलं असायचंच आणि गेलेलं माणूस फणस नाहीतर कोकमं घेऊन परत यायचंच.

"शाळेच्या पुस्तकात आईचं चित्र इलां," मालन म्हणाली. "त्या चित्रावर गाल ठेवून बसली. दोन दिवस जेवली नाय. म्हणून म्हटलां, आई नसलेली होयी. हसण्यासारखी द्या. ती हसणाच विसारली."

"मालनताई, तिला सांगून टाका हो," शुभाताई म्हणाल्या.

"हर्षद म्हणता, सांगू. जरा सावरू दे, म्हणता." हर्षद म्हणजे तिचा मुलगा, पोरीचा बाप. "तो स्वतः तरी खंय सावरलाहा? रातचो उठून बाथरूमचो नळ सोडता आणि रडता. आमका काय ऐकू येणा नाय?"

शुभाताईंना भडभडून आलं. पण खरं सांगायचं तर त्याच क्षणी त्यांच्या डोक्यात दुसरंही काहीतरी सुरू झालं. आई नसलेली पुस्तकं! असं आजवर कोणी मागितलं नव्हतं. हत्तीची मागणारे असतात, गाड्यांची मागणारे असतात, एक पोरगा फक्त जेसीबीची मागायचा. हे अवघड होतं, आणि अवघड म्हटलं की बाईला चेव यायचा. दुःखाच्या प्रसंगात असा चेव येऊ नये, पण आला.

आठवडाभर त्या त्या खोलीत ठाण मांडून बसल्या. एकेक पुस्तक काढायचं, पान पान तपासायचं. आणि काय सांगू, सगळीकडे आई! सशाच्या पुस्तकात आई, ढगांच्या पुस्तकात ढगाची आई, आकड्यांच्या पुस्तकात पाच वाटाणे सोलतेय तीही आई. एक पुस्तक पूर्ण आगबोटीचं, म्हटलं हे तरी सुटलं, तर शेवटच्या पानावर धक्क्यावर उभी राहून रुमाल हलवतेय. कुठे नुसता हात, भात कालवणारा. कुठे दोरीवर वाळणारी साडी. "अरे, बाप मेलेत का तुमचे सगळे!" असं त्या चित्रकारांवर ओरडल्या, एकट्याच. तेव्हा विद्याधरराव चहा घेऊन आले होते, ते कप ठेवून गुपचूप परत गेले.

अकराशेतून चौतीस निघाली. चौतीस! त्यांनी ती वेगळ्या फळीवर लावली.

पुढच्या शनिवारी मालन नातीला घेऊन आली. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला, डोळे थेट समोरच्याच्या डोळ्यांत घालणारी पोर. शुभाताईंनी तिला शिंक न येणाऱ्या म्हशीचं पुस्तक दिलं. म्हशीच्या नाकात कोणी गवत घालतं, कोणी तपकीर, कोणी मोराचं पीस, पण शिंक काही येत नाही. पोर गंभीर चेहऱ्याने पानं उलटत होती. मध्येच थांबून तिने विचारलं, "येणार का हिला शिंक?"

"येणार. शेवटच्या पानावर. मी सांगते ना."

शेवटच्या पानावर म्हैस शिंकली आणि अख्खं गाव उडून झाडावर जाऊन बसलं. सरपंच, शाळा, बैलगाडी, सगळं. प्रांजल हसली. आधी नाकातून, मग पोट धरून. मालनने पदर तोंडात कोंबला आणि भिंतीकडे तोंड केलं. आणि शुभाताई? त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. घरी जाऊन विद्याधररावांना तीनदा सांगितलं त्यांनी.

तेव्हापासून दर शनिवारी पोर यायची. शुभाताईंना तिने नाव ठेवलं, पुस्तकआजी. पुस्तकआजी जे सांगायची ते खरं व्हायचं. ती म्हणायची यात एक खेकडा चप्पल चोरतो, तर चोरायचा. ती म्हणायची हे वाचून झोप येईल, तर यायची. मोठी माणसं सगळं अर्धवट सांगतात हे त्या पोरीला घरात केव्हाच कळून चुकलं असावं. ही बाई तेवढी पक्की होती.

जुलैत प्रांजलने विचारलं, "गावाचं पुस्तक आहे?"

आता इथे बाईने थांबायला हवं होतं. पण फळीवरच्या चौतीसमध्ये गावाची सहा होती, सुंदर, रंगीत, हसरी. कोंबड्या, माड, कौलं, वहाळ. शुभाताईंनी सहाही दिली, एकेक करून. मागाहून त्या म्हणायच्या, मी त्या पोरीला आई नसलेली पुस्तकं देत होते, एवढंच माझ्या डोक्यात होतं, पण तिची आई ज्या गावाला गेलीय असं तिला सांगितलं होतं, त्याच गावाची ती पुस्तकं होती हे माझ्या लक्षातच आलं नाही. अकराशे पुस्तकं वाचलेली बाई, आणि हे लक्षात आलं नाही!

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी प्रांजल चटईवर पालथी पडून कोंबडीचं पुस्तक बघत होती. तिने बोटाने खुणावून शुभाताईंना खाली बोलावलं. चित्रात कौलारू घर होतं, खळ्यात कोंबडी आणि तिची पिल्लं, दार अर्धं उघडं.

"आई इथे आहे," प्रांजल हळूच म्हणाली.

"कुठे? या चित्रात तर नुसती कोंबडी आहे."

"दाराच्या मागे. दिसत नाही, पण आहे." तिने मागचं पान उलटलं. "इथे बघ, चुलीतून धूर येतोय. मग चूल कोणी पेटवली? आणि इथे घोंगडी घातलीय. कोणी घातली?" तिने दुसरं पुस्तक ओढलं, तिसरं ओढलं. विहिरीवर कळशी होती, भरलेली. माजघरात दिवा लावलेला होता. "सगळ्या पुस्तकांत आहे. तिला चित्रात नाही यायचं. लपलीय ती."

आईचं चित्र नव्हतं म्हणून पोरीने प्रत्येक पानात आई नेऊन बसवली होती. ज्या पुस्तकांत आया होत्या त्या निदान दुसऱ्या कोणाच्या तरी होत्या. या चौतीस पुस्तकांतली आई फक्त तिची.

"आम्ही गणपतीला गावाला जाणार," प्रांजल म्हणाली. "मग मी शोधणार तिला."

शुभाताईंनी मालनला बाजूला घेतलं, अक्षरशः दंडाला धरून. "हे काय, गणपतीला नेताय तिला?"

"न्हेचाच लागतला." मालन म्हणाली. "वर्साच्या आत सण नाय, ठावक आसा माका. गोडधोड नाय, भजनां नाय. पण घराचो गणपती चुकवूक गावत नाय. काशीरामदादांचे गुडघे गेले, मूर्ती उचलूक हर्षद होयो. तिकीटां काढली."

"मग तिला ठेवा आत्याकडे."

"ऱ्हवता काय ती? कॅलेंडरावर रोज एक चौकोन रंगवता. आवशीक भेटूक जातंय म्हणता."

"तर मग सांगा! आजच्या आज सांगा. मालनताई, तिथे गेल्यावर काय होईल, जरा विचार करा."

मालनने फळ्यांकडे पाहिलं. मग जे म्हणाली ते शुभाताईंच्या फार जिव्हारी लागलं. "इतकी पुस्तकां आसत तुमच्याकडे. त्यात एक नसात, ज्याच्यात ह्यां सांगितलेलां आसा? तां द्या ना, बाई. तुम्ही द्याल तां तिका बरोबर कळता. आमच्या तोंडातून नाय येत ओ."

अशी पुस्तकं होती. वरच्या कपाटात चार होती. एकात म्हातारा कुत्रा मरतो, एकात म्हातारं झाड, एकात आजोबा, एकात गोगलगाय. शुभाताईंनी ती रात्रभर मनात उलटून पाहिली. कोणी एकतीस वर्षांचं नव्हतं. कोणी सोमवारी डबे भरत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मालनला फोन करून सांगितलं, पुस्तक नाही. तोंडानेच सांगावं लागेल. पलीकडून नुसतं "बरां" आलं आणि फोन बंद झाला.

निघायच्या आधीचा शनिवार. प्रांजल नवीन फ्रॉक घालून आली, फ्रॉक दाखवायलाच. बरोबर मालन, आणि त्या दिवशी हर्षदही. दाढी वाढलेला, शर्ट अंगात ढगळ झालेला तरुण माणूस, दाराबाहेर चपलांपाशीच उभा. पोरीला काही सांगितलेलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडांवरच दिसत होतं.

"तीन पुस्तकं दे," प्रांजल म्हणाली. "आईला दाखवायला. म्हशीचं दे, खेकड्याचं दे आणि एक तू सांग."

शुभाताई फळीकडे वळल्या. मागून आवाज आला.

"पुस्तकआजी, पप्पा नीट सांगत नाहीत. आजीला विचारलं की आजी भांडी घासायला जाते. तू सांग. आई गावाला आहे ना?"

शुभाताई वळल्या. पोर डोळ्यांत डोळे घालून उभी होती. तिच्या मागे मालनने हात जोडले होते, छातीपाशी, देवासमोर जोडावेत तसे, आणि मान हलवत होती, नको, नको. दाराबाहेर हर्षद जमिनीकडे बघत होता. खोलीत आणखी तीन-चार आया होत्या, त्यांची पोरं होती. पंखा फिरत होता.

खरं म्हणजे 'मला माहीत नाही' म्हणता आलं असतं. 'चल, पप्पांना विचारू' म्हणता आलं असतं. बारा वर्षांत जिने कोणाच्या बापाची भीड ठेवली नाही, त्या बाईची पाचावर धारण बसली.

"हो," त्या म्हणाल्या. आणि तेवढ्यावर न थांबता, "आहे गं," असंही म्हणाल्या.

प्रांजलचा चेहरा असा उजळला की बघवेना. शुभाताईंनी हाताला लागलं ते तिसरं पुस्तक दिलं. कोणतं, ते त्यांना नंतरही आठवलं नाही. रात्री त्या जेवल्या नाहीत. विद्याधरराव म्हणाले, "अगं, लहान मूल आहे, विसरेल." त्यावर त्या एवढ्या ओरडल्या की शेजारच्यांनी बेल वाजवली.

बारा दिवसांनी मालन एकटी आली. शनिवार नव्हता, वाचनालय बंद होतं, ती थेट घरीच आली. पाणी दिलं ते तिने घेतलं नाही. सोफ्याच्या कडेवर बसून, तोंडातून शब्द पडावेत तशी बोलत राहिली.

पोरीने गाडीतून उतरल्या उतरल्या हाक मारली होती. मग घरात शिरली. माजघर, पडवी, माळा, गोठा. दारांच्या मागे बघितलं, प्रत्येक दाराच्या. हाका मारून झाल्यावर गप्प राहून शोधायला लागली, लपलेल्याला पकडताना पोरं राहतात तशी. गणपती बसले तर गणपतीच्या मागे जाऊन बघून आली. दुसऱ्या दिवशी वाडीतल्या घराघरांत गेली. कोणाच्या दारात जाऊन "माझी आई आलीय का तुमच्याकडे?" विचारायची. वाडीला सगळं माहीत होतं. बायका तिच्या हातात लाडू द्यायच्या आणि दार लावून घ्यायच्या. मोठ्याने कोणीच काही बोललं नाही, तिच्या बापाने हात जोडून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. गौरी आणल्या त्या दिवशी नवीन फ्रॉक घालून, तीन पुस्तकं मांडीवर घेऊन, ती सकाळपासून पायरीवर बसली. गौरी आल्या, जेवल्या, तिसऱ्या दिवशी गेल्यासुद्धा.

"परत येताना गाडीत गप्प होती," मालन म्हणाली. "माका वाटलां, निजली. तर माका म्हणता, आजी, आईक माहीत होतां मी येतलंय. तरी बाहेर इली नाय."

मुंबईत आल्यावर हर्षदने एकदाचा धीर केला. तिला मांडीवर घेऊन सांगितलं, आई देवाघरी गेली. तर पोर त्याच्या मांडीवरून उतरली. म्हणाली, खोटं. पुस्तकआजीने सांगितलंय, आई गावाला आहे. ती माझ्यावर रागावलीय म्हणून तुम्ही असं सांगताय. घाटकोपरला जाताना मी तिला म्हटलं होतं, तू नको, मला आजी पाहिजे. म्हणून ती लपलीय.

"दोन दिस झाले. भात नाय, दूध नाय. भिंतीकडे तोंड करून निजान आसा. आम्ही सांगताव तां तिका खरां वाटणा नाय, बाई. तुमचां वाटतला." मालनने पहिल्यांदा वर पाहिलं. त्या नजरेत राग होता का, हे शुभाताईंना कळलं नाही. असता तर बरं झालं असतं. "तुम्ही चला."

शुभाताई उठल्या. सवयीने हात पिशवीकडे गेला, पिशवी घेऊन त्या खालच्या खोलीचं कुलूप काढायला निघाल्यासुद्धा. मग जिन्यातच थांबल्या. पिशवी विद्याधररावांच्या हातात दिली आणि रिकाम्या हाताने मालनबरोबर रिक्षात बसल्या.

नाहूरच्या त्या सहाव्या मजल्यावरच्या खोलीत दुपारचं ऊन थेट पलंगावर आलं होतं. जान्हवीचा फोटो भिंतीवर नव्हता, लावलाच नव्हता. हर्षद कामावर न जाता स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून उभा होता. प्रांजल भिंतीकडे तोंड करून निजली होती, वेण्या सुटलेल्या. शुभाताई पलंगाजवळ खाली फरशीवर बसल्या. गुडघे दुखतात म्हणून बारा वर्षं स्टुलावर बसणारी बाई, फरशीवर बसली.

"प्रांजल, मी आलेय. पुस्तकआजी."

पोर हलली नाही.

"मी तुला खोटं सांगितलं."

हे ऐकून ती वळली. डोळे तसेच, थेट.

"आई गावाला नाही. ती वारली. मेली, बाळा. होळीच्या आधी तिला ताप आला, खूप मोठा ताप, डॉक्टरांनी पुष्कळ केलं, तरी ती मेली. ती परत येणार नाही. तू विचारलंस तेव्हा मला माहीत होतं. मी घाबरले आणि खोटं बोलले." शुभाताईंनी शब्द गाळला नाही एकही.

"गावाला नव्हती?"

"नव्हती. होळीच्या आधीपासून कुठेच नव्हती."

"माळ्यावर पण नाही? दाराच्या मागे पण नाही?"

"नाही."

प्रांजल उठून बसली. तिचे ओठ सुकून त्यांची सालं निघाली होती. ती मनात काहीतरी जुळवत राहिली, आणि शुभाताईंना वाटलं आता हिचा बांध फुटणार, त्यांनी हात पुढे केले.

"म्हणजे ती लपली नव्हती?"

"नाही गं."

"मग ती माझ्यावर रागावली नाही?"

"नाही. कधीच नाही. तिला यायला मिळालं असतं तर ती धावत आली असती."

पोरीने श्वास सोडला. खांदे खाली आले. "बरं झालं," ती म्हणाली.

ओट्यापाशी हर्षद मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांत तोंड घेऊन ढसाढसा रडायला लागला, नळ न सोडता. मालन "देवा रे, देवा रे" करत त्याच्याकडे धावली. प्रांजल पलंगावरून उतरून बापाजवळ गेली, त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली, आणि मग तीही रडायला लागली. आई, आई, करून रडली. सहा महिन्यांचं रडणं ते, संपता संपेना. शेजारणी दारात गोळा झाल्या. मालनने दार लावलं नाही.

शुभाताई फरशीवरच होत्या. त्या घरात आता त्यांचं काही काम उरलं नव्हतं आणि उठायला गुडघे ऐकत नव्हते. शेवटी पलंगाची कड धरून उठल्या. तोवर मालनने दहीभात कालवला होता आणि पोर हुंदके देत देत दोन घास जेवली होती. शुभाताई चपला घालत होत्या तेव्हा ती दारापर्यंत आली, तोंडाला भात लागलेला.

"शनिवारी येशील ना?" शुभाताईंनी विचारलं. "तुझ्यासाठी छानसं पुस्तक काढून ठेवते."

प्रांजलने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळेना.

"येईन," ती म्हणाली. "पण पुस्तक तू नको सांगूस. मी माझं मी बघीन."

शुभाताई "बरं" म्हणाल्या. लिफ्ट बंद होती, त्या भिंतीला धरून एकेक पायरी उतरायला लागल्या.